माळाखालचा कर्ब

माझ्या प्रयोगशाळेत मातीच्या पिशव्या येतात त्या उसाच्या, डाळिंबाच्या, कांद्याच्या रानातून. माळाची माती कुणी आणत नाही. सातबाऱ्यावर तो तुकडा पोटखराब्यात पडलेला असतो किंवा गावाच्या नावे गायरान म्हणून असतो. तिथं पीक नाही, खताचा डोस ठरवायचा नाही, मग तपासायचं कशाला, असा सरळ हिशेब. फलटण, माण, खटाव या पट्ट्यात फिरताना मी मात्र माळाची माती पिशवीत भरून आणत असते. हवेतला कार्बन जमिनीत परत कसा न्यायचा यावर आज जगभर बोललं जातं. त्या बोलण्याला आपल्या भागात कुठं जागा असेल तर ती या माळावर आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. माळाच्या जमिनीत कर्ब वाढवता येतो आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. त्याला लागते ती पावसाच्या पहिल्या दोन महिन्यांत गवताला मिळणारी उसंत. ही उसंत कुंपण घालून मिळत नाही. जनावरं घेऊन फिरणाऱ्या माणसाशी बसून ठरवलं तरच मिळते.

आधी कर्ब म्हणजे काय ते पाहू. मृद आरोग्य पत्रिकेवर ‘सेंद्रिय कर्ब’ असा एक रकाना असतो. मुळं, पाला, शेण, मेलेले किडे आणि जिवाणू कुजून जमिनीत जे उरतं, त्यातला हा कार्बन. तो मोजायची आमची पद्धत वॉकली आणि ब्लॅक या दोघांनी १९३४ मध्ये मांडली आणि आजही बहुतेक प्रयोगशाळांत तीच चालते. चाळलेली ग्रॅमभर माती काचेच्या चंबूत घ्यायची, त्यात पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण टाकायचं, वरून तीव्र गंधकाम्ल. चंबू हाताला चटका देतो इतका तापतो. अर्धा तास तो बाजूला ठेवायचा. तेवढ्यात मातीतला कर्ब जळतो आणि तो जाळायला डायक्रोमेट खर्ची पडतं. मग पाणी घालून, दर्शक टाकून, ब्युरेटमधून थेंब थेंब दुसरं द्रावण सोडायचं. जांभळट निळा रंग हटून एका थेंबात हिरवा झाला की थांबायचं. किती डायक्रोमेट उरलं यावरून किती कर्ब होता ते कळतं.

महाराष्ट्रात ०.२० टक्क्यांच्या खाली कर्ब असेल तर ‘अत्यंत कमी’, ०.४० पर्यंत ‘कमी’, ०.६० पर्यंत ‘मध्यम’ असं आम्ही लिहून देतो. एक टक्क्याच्या वर गेला तर ‘अत्यंत जास्त’. आपल्याकडं ऊन कडक, पाऊस थोडा आणि नांगरट भरपूर. नांगरानं माती उलटली की आत दडलेल्या कर्बाला हवा मिळते, जिवाणू तो खाऊन टाकतात आणि तो वायू होऊन वर जातो. माळावर नांगर चालत नाही. म्हणजे कर्ब टिकायला माळ ही चांगली जागा असायला हवी. पण उन्हाळ्यात माणच्या कुठल्याही माळावर जाऊन उभं राहिलं तर खाली दिसतो उघडा मुरूम, मधून मधून तरवड आणि जनावराच्या दाताला न येणारी कुसळं. नांगर नसतानाही कर्ब गेला कुठं, हा प्रश्न तिथं पडतो.

त्याचं उत्तर मुळांत आहे. झाड आपला बराचसा कार्बन खोडात आणि फांद्यांत ठेवतं, म्हणून तो डोळ्यांना दिसतो. गवत वर जे दाखवतं ते एका हंगामापुरतं. त्याची खरी कमाई खाली जाते. पवना, मारवेल अशा बहुवर्षायू गवतांची केसासारखी मुळं दर वर्षी काही मरतात, काही नवी फुटतात. मेलेली मुळं जागच्या जागी कुजतात. जिवंत मुळं साखरेसारखे रस बाहेर सोडतात, त्यावर बुरशी आणि जिवाणू पोसतात, आणि त्यांचे अवशेष चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटून बसतात. असा चिकटलेला कर्ब दीर्घकाळ टिकतो. वरून टाकलेल्या शेणखताचा बराच भाग आपल्या उन्हात वर्ष-दोन वर्षांत उडून जातो. मुळांनी आतल्या आत दिलेला कर्ब त्यापेक्षा जास्त मुरतो.

आता त्या गवताला जनावराचा दात लागला की काय होतं? अमेरिकेच्या कृषी खात्यातले फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये यावरचे आपले प्रयोग छापले. मला ते फार मोलाचे वाटतात, कारण त्यात कसलंही तत्त्वज्ञान नाही, फक्त कात्री आहे आणि मुळांची मोजणी आहे. गवताचा निम्मा पाला कापला तर मुळांच्या वाढीला जवळपास धक्का लागत नाही. ऐंशी टक्के कापला तर मुळांची वाढ साफ थांबते आणि बारा दिवस थांबलेलीच राहते. त्याहून जास्त कापला तर आणखी लांबते. हे झालं एकदा कापल्यावर. दर चार-पाच दिवसांनी कळप त्याच ठोंबावर परत येत असेल, तर मूळ वाढायला उसंतच नाही. ठोंब आपल्या बुडाशी साठवलेली शिदोरी खर्च करून पुन्हा पुन्हा कोंब काढत राहतो आणि एका पावसाळ्यात संपतो. त्याच्या जागी कुसळ येतं, तरवड येतो, नाहीतर नुसता मुरूम उघडा पडतो. वरचं गवत गेलं म्हणून आपण हळहळतो, पण खाली कर्ब पुरवणारी मुळं थांबली ती कुणाला दिसत नाहीत.

म्हणजे चराई वाईट, असा अर्थ काढायला लोक उतावीळ असतात. तो चुकीचा आहे. थोडा वेळ चरून पुढं गेलेल्या कळपामुळं गवताला नवे फुटवे येतात, वाळका पाला खुरांखाली मोडून जमिनीला लागतो, लेंड्या आणि मूत जागेवर पडतात. वर्षानुवर्षं अजिबात न चरलेल्या माळावर जुन्या गवताचा वाळका थर साचतो, नव्या कोंबाला ऊन मिळत नाही, आणि एका ठिणगीत सगळं वणव्यात जातं. चरणं आणि थांबणं यांचं प्रमाण जुळायला हवं.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी माणमधल्या एका जुन्या मेंढपाळांनी सांगितलं. त्यांना सगळे आबा म्हणतात. मी माती खणत होते आणि ते काठीवर हनुवटी टेकून पाहत होते. मी विचारलं, “आबा, हा माळ असा का झाला?” ते म्हणाले, “ताई, उन्हाळ्यात खुडलं तर गवताचं काय जात न्हाय. ते वाळलेलंच असतंय. मिरगात खुडलं की जातंय.” मृगाच्या पावसानंतर गवत आपल्या साठ्यावर पहिला कोंब काढतं. तो कोंब पाना-पानांनी वाढून स्वतः कमवायला लागेपर्यंतचे तीन-चार आठवडे सगळ्यात नाजूक असतात. वाळलेलं गवत मात्र आपला साठा बुडाशी घेऊन झोपलेलं असतं. तेव्हा वरची काडी खाल्ली तरी मुळाचं फार बिघडत नाही. क्रायडरांच्या कात्रीतून निघालेलीच गोष्ट आबांनी एका नक्षत्रात बसवली होती.

मग प्रश्न असा की मिरगात कळप माळावर का असतात? हे समजून घेतल्याशिवाय चराई सुधारण्याच्या कुठल्याही योजनेत अर्थ नाही.

धनगरांचं वर्ष पावसावर बेतलेलं आहे. दिवाळीच्या सुमारास त्यांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी कुटुंबं, हलतात. कुणी घाट उतरून कोकणात भाताच्या मोकळ्या खाचरांत जातं, कुणी पूर्वेला आणि दक्षिणेला काढणी झालेल्या रानांत. तिथला शेतकरी रात्री आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो. वाघूर, म्हणजे जाळी, लावून कळप आत कोंडतात, सकाळी रानभर लेंडीखत पडलेलं असतं, आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या दैवतांवर लिहिताना या फिरस्तीचा तपशील जिवंत केला आहे. मे-जूनमध्ये हे वाडे परत गावाकडं येतात. कोकणातला मोठा पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही, तिच्या खुरांना आणि लोकरीला तो मानवत नाही. देशावर वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तिथं ती पावसाळ्यात सुखात राहते. पण त्याच दिवसांत देशावरची रानं पेरलेली असतात, तिथं पाऊल टाकता येत नाही. उरतो माळ. ज्या आठवड्यांत गवताला उसंत हवी, नेमक्या त्याच आठवड्यांत सगळे कळप त्याच माळावर दाटतात. मेंढपाळाचा यात दोष नाही. त्याच्याकडं दुसरी जागाच ठेवलेली नाही.

पूर्वी माळ मोठा होता, म्हणून हे निभावत होतं. कळप आज इथं, चार दिवसांनी तिथं, आणि पहिल्या जागी परत यायला महिना लागायचा. आता माळाचे लचके तुटले आहेत. काही भाग नांगरटीखाली गेला, काही अतिक्रमणात, काहींवर सौर प्रकल्प उभे राहतात, काहींवर वनखात्याची झाडं. सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना सांगितलं. तरी गायरान आटतंच आहे. उरलेल्या तुकड्यावर कळप रोज फिरतो, कारण पुढं जायला माळच नाही.

म्हणून बदल करायचा तो असा. उरलेल्या माळाचे चार-पाच भाग पाडायचे. कुंपण नको, चुना मारलेले दगड पुरतात. सगळे कळप मिळून एका भागात काही दिवस चरतील, गवत निम्म्यावर आलं की पुढच्या भागात सरकतील, आणि पहिल्या भागात परत येईपर्यंत निदान महिना-सव्वा महिना जाईल. एक भाग पाळीपाळीनं गवत बीज धरेपर्यंत अजिबात चरायचा नाही, म्हणजे पवना आणि मारवेलचं बी पुन्हा माळावर सांडेल. मिरगापासूनच्या पहिल्या तीन आठवड्यांसाठी कळपांना वेगळी सोय हवी: साठवलेली वैरण, बांधावरचा पाला, किंवा ज्यांची रानं उशिरा पेरायची आहेत तिथं बसण्याची परवानगी. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात यातला हा शेवटचा मुद्दाच सगळ्यात अवघड आहे, कारण तिथं दुसऱ्या कुणाला तरी काही द्यावं लागतं.

जिथं हे थोडंफार जमलं आहे तिथं जमीन कशी दिसते ते मी पाहिलं आहे. एकाच उताराचे दोन तुकडे, मध्ये दगडांची रांग. चराई बेतानं चाललेल्या बाजूला पहार टाकली तर ढेकूळ मुळांच्या जाळीसकट उचलून येतं, रंगाला काळसर, कुस्करलं की रव्यासारखं सुटतं. दुसऱ्या बाजूला वरचा थर पापुद्र्यासारखा निघतो आणि खाली फिकट, घट्ट मुरूम लागतो. मी तळ काढलेला पत्र्याचा डबा दोन्हीकडं जमिनीत थोडा ठोकते आणि त्यात सारखंच पाणी ओतते. गवताच्या बाजूला पाणी बघता बघता जिरतं. उघड्या बाजूला ते डब्यात तसंच उभं राहतं. शेतकऱ्याला कर्बाची टक्केवारी सांगितली तर तो मान डोलावतो. हा डबा दाखवला की तो खाली बसून बघतो. दुष्काळी भागात कर्बाचं सगळ्यात मोठं काम हेच, पाऊस जमिनीत घेणं.

चराईबंदीचं नाव निघालं की आपल्याकडं हिवरे बाजारचं उदाहरण पुढं येतं, आणि ते यायलाच हवं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावानं पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली नव्वदच्या दशकात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, श्रमदानानं पाणलोटाची कामं केली, आणि उघडे डोंगर गवतानं भरले. तिथं जनावर डोंगरावर सोडत नाहीत, गवत कापून घरी आणतात. गोठ्यातली दुभती जनावरं वाढली, दूध वाढलं. ही खरी कमाई आहे. पण हा नमुना जसाच्या तसा सगळीकडं लावायला माझं मन घेत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. कापून नेलेल्या गवताबरोबर नत्र, स्फुरद, पालाश डोंगरावरून खाली येतात. शेण गोठ्यात पडतं, तिथून शेतात जातं, डोंगराला परत काही मिळत नाही. दुसरं कारण माणसांचं आहे. गोठ्यात गाय बांधून तिला कापलेलं गवत घालणं ज्याला शेत आहे, विहीर आहे त्याला जमतं. ज्याच्याकडं फक्त मेंढरं किंवा चार शेळ्या आहेत त्याला चराईबंदी म्हणजे गाव सोडायची नोटीस ठरू शकते. तो शेजारच्या गावच्या माळावर जातो, आणि तिथला दाब दुप्पट होतो. एका गावाचा कर्ब वाढला आणि दुसऱ्याचा घटला, तर हवेच्या दृष्टीनं काय साधलं?

मेंढरं बसवण्याचाही हिशेब याच डोळ्यांनी पाहावा लागतो. रानात लेंडीखत पडलं की शेतकऱ्याच्या मातीचा कर्ब थोडा वाढतो, हे मी तपासण्यांत पाहते. पण तो कर्ब दिवसभर चरलेल्या गवता-पाल्यातून आलेला असतो. तो इथून तिथं गेला. पिकासाठी ते उत्तमच आहे, रासायनिक खताचा खर्च वाचतो. हवेतून नवा कार्बन जमिनीत येतो तो गवताची मुळं वाढतात तेव्हाच.

आता आकडे. एक हेक्टर जमीन, तीस सेंटिमीटर खोलीपर्यंत धरली, तर तिचं वजन साधारण ३,९०० टन भरतं. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढला तर ३.९ टन कार्बन जमिनीत आला. कार्बनच्या एका टनाचे हवेत ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतात, म्हणजे हेक्टरी १४ टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड हवेतून निघाला. ०.४० चे ०.५० झाले एवढ्यावर हे घडतं, म्हणून मातीची भुरळ पडते. पण आपल्या माळावर अनेकदा वीतभर खालीच मुरूम लागतो. तिथं हा आकडा निम्मा धरायचा. आणि ०.१ टक्का वाढायलाही कैक वर्षं जातात.

रिचर्ड कॉनंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. चराई सुधारल्यावर हेक्टरी वर्षाला सरासरी ०.२८ टन कार्बन वाढतो असं त्यांना दिसलं, म्हणजे साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड. आता मेंढीकडं पाहा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय हिशेबात आपल्यासारख्या देशांतल्या मेंढीसाठी वर्षाला पाच किलो मिथेन धरतात. दोनशे मेंढ्यांचा कळप एक टन मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या मापानं त्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद सुमारे २७ टन कार्बन डायऑक्साइडइतकी. म्हणजे त्या एका कळपाचा मिथेन फेडायला जवळपास ६५ एकर सुधारता माळ लागेल, आणि तोही जमिनीत कर्ब वाढत आहे तोपर्यंतच. दोन-तीन दशकांत जमीन आपल्या मर्यादेला पोचते आणि वाढ थांबते. ढेकर थांबत नाही.

हा हिशेब मी मेंढपाळाविरुद्ध मांडत नाही. ज्याच्या घरात मोटार नाही, ज्याची लोकर आणि मांस रासायनिक खताशिवाय उगवलेल्या गवतावर तयार होतं, त्याच्याकडून हवामानाची वसुली करणं अन्यायाचं आहे. मी तो मांडते कारण जगात याबाबत फार मोठे दावे केले गेले आहेत. झिंबाब्वेचे अ‍ॅलन सेव्हरी यांनी २०१३ मध्ये एका गाजलेल्या भाषणात सांगितलं की जनावरांचे मोठे कळप दाटीनं आणि नियोजनानं फिरवले तर वाळवंटं हिरवी होतील आणि हवामानबदल उलटवता येईल. लाखो लोकांनी ते ऐकलं. माळाला शत्रू न मानता त्याच्याकडं प्रेमानं पाहायला त्यांनी पुष्कळांना शिकवलं, त्याचं मला मोल आहे. पण अमेरिकेतल्या माळरानांचे अभ्यासक डेव्हिड ब्रिस्के आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी त्या दाव्याला पुराव्यांनिशी उत्तर दिलं, आणि २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या टारा गार्नेट यांच्या गटानं सगळा हिशेब मांडून दाखवला की फार अनुकूल परिस्थिती धरली तरी चरणाऱ्या जनावरांच्या उत्सर्जनापैकी वीस ते साठ टक्केच मातीत भरून निघेल.

जास्त मोठे आकडेही आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या व्हाइट ओक पाश्चर्स या शेतावर वीस वर्षांत हेक्टरी वर्षाला २.२९ टन कार्बन वाढल्याचं २०२० च्या अभ्यासात आलं. पण तिथं आपल्या माणच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो, पिकं घेऊन घेऊन झिजलेली जमीन गवताखाली आणलेली होती, आणि नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत तेवढ्याच मांसाला अडीच पट जमीन लागली. रिकाम्या झालेल्या जमिनीत भरायला जागाही जास्त असते. तो आकडा माणच्या मुरमावर आणून ठेवता येत नाही.

दाव्यांच्या मागं पैसा येतो, आणि पैसा आला की माळावर हक्क कुणाचा हा प्रश्न येतो. उत्तर केनियात सुमारे १९ लाख हेक्टर माळरानावर असा प्रकल्प उभा राहिला. तिथल्या बोराना, सांबुरू अशा पशुपालकांनी ठरवलेल्या क्रमानं चराई करायची, त्यानं मातीत जो कर्ब वाढेल त्याची कार्बन क्रेडिट बड्या कंपन्यांना विकायची. २०२३ मध्ये सर्व्हायव्हल इंटरनॅशनल या संस्थेनं त्यावर अहवाल काढून विचारलं की हे लोक पिढ्यान् पिढ्या पाऊस पाहूनच कळप हलवत आले आहेत, मग नवं काय झालं आणि ते झाल्याचा पुरावा कुठं आहे? क्रेडिट देणाऱ्या संस्थेला प्रकल्पाची फेरतपासणी हाती घ्यावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये इसिओलोच्या न्यायालयानं दोन संरक्षित क्षेत्रं स्थानिकांना नीट सामील न करता बेकायदा स्थापन झाल्याचा निकाल दिला, त्यातलं एक या प्रकल्पात मोडत होतं. आपल्याकडं असे प्रस्ताव घेऊन माणसं गावांत येऊ लागतील तेव्हा केनिया आठवावा.

मातीचा कर्ब विकायचा तर तो मोजावा लागतो, आणि इथं माझा रोजचा अनुभव बोलतो. एकाच पिशवीतली माती दोनदा तपासली तरी दुसऱ्या दशांश स्थानावर आकडा हलतो. एकाच माळावर ठोंबाखालची माती आणि दोन ठोंबांमधली माती यांत फरक असतो. मुरमाडात दगड किती, माती किती हे वेगळं करावं लागतं, नाहीतर दगडांचं वजनही माती म्हणून मोजलं जातं. वर दख्खनच्या जमिनींत चुनखडी भरपूर. चुनखडीतही कार्बन असतो, पण तो दगडातला, मुळांनी आणलेला नव्हे. माती भट्टीत जाळून एकूण कार्बन सांगणारी महागडी यंत्रं दोन्ही एकत्र मोजतात. आधी आम्लानं चुनखडी काढली नाही तर ओसाड माळही कर्बानं श्रीमंत दिसतो. आमची जुनी चंबूची पद्धत चुनखडीला हात लावत नाही, म्हणून अशा जमिनींत मी तिच्यावर जास्त विसंबते. ज्याला माळाच्या कर्बाचा करार करायचा आहे त्यानं पहिल्यांदा विचारावं की चुनखडी वेगळी काढली का, किती खोलीपर्यंत खणलं, आणि दगड वजा केले का.

माळावर झाडं लावून कार्बन साठवू असं म्हणणाऱ्यांशी माझं तीव्र भांडण आहे. पाचशे मिलिमीटर पावसाच्या माळावर यंत्रानं चर खोदतात, ग्लिरिसिडिया लावतात, फलक उभा करतात. चर खोदताना जी गवताची जाळी उपटली जाते तिच्याखालचा कर्ब उघडा पडून जळतो. रोपं बरीचशी मरतात, गवत परत यायला वर्षं लागतात. लांडगा, चिंकारा, माळढोक हे सगळे याच उघड्या गवताळ जमिनीचे रहिवासी. सोलापूरजवळचं नान्नज माळढोकासाठी १९७९ पासून राखीव आहे आणि तिथं आता माळढोक दिसणं दुर्मीळ झालं. माळ म्हणजे तुटलेलं जंगल, अशी समजूत सरकारी कागदांतून अजून गेलेली नाही. तो माळच आहे, आणि त्याचं भांडार जमिनीखाली आहे.

तेव्हा करायचं काय आणि कधी, याचं माझं उत्तर तारखेशी बांधलेलं आहे. चराईचे निर्णय ग्रामसभेत होतात. आपल्याकडं ग्रामसभा ठरलेल्या दिवशी भरतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. जानेवारीत धनगरांचे वाडे कोकणात किंवा लांब दक्षिणेत असतात. १ मेला बरेच जण अजून वाटेवर असतात. १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला ते गावात असतात, पण तोवर मिरग, आर्द्रा, पुनर्वसू होऊन गेलेले, गवताचं जे व्हायचं ते झालेलं. ज्यांच्या कळपांवर माळाचं गवत अवलंबून आहे, ती माणसं पावसाआधीच्या निर्णयाच्या वेळी गावात नसतात, आणि मग त्यांच्या माघारी झालेला ठराव ते पाळत नाहीत म्हणून त्यांच्यावर दंड बसतो. मे महिन्याच्या शेवटी, वाडे परतल्यावर आणि पाऊस पडण्याआधी, चराईसाठी खास ग्रामसभा बोलवायला कायद्याची कुठलीही अडचण नाही. तिथं माळाचे भाग ठरावेत, पहिल्या तीन आठवड्यांची वैरण कोण देणार ते ठरावं, आणि कुठल्या शेतकऱ्याच्या रानात तेवढे दिवस मेंढरं बसतील त्याची नावं लिहून घ्यावीत. आबांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, “बोलवा की. पण आमच्या बायकांनाबी बोलवा. कळप कुठं वळवायचा ते त्याच ठरवत्यात.”